बाटलीच्या बुडाला तीट

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या टाळूला खाच होती. ओठ, नाक, चेहरा सगळं जिथल्या तिथं. वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही, उलट 'किती गोड गं' म्हणून बायका बोटं मोडायच्या. पण तोंडाच्या आत, वरच्या बाजूला, मधोमध फट होती. त्यामुळे तिला चोखता यायचं नाही. चोखायला तोंड आतून बंद व्हावं लागतं आणि तिचं तर नाकाला उघडं होतं. ती अंगावर घ्यायची, जिवाच्या आकांतानं जोर लावायची, दमायची आणि उपाशीच झोपून जायची. मला पान्हा फुटत होता, तिला भूक होती आणि तरी दोघींची गाठ पडत नव्हती.

डॉक्टर धीर देणारे होते. ऑपरेशन होतं म्हणाले, मूल छान बोलतं, छान खातं, घाबरण्यासारखं काही नाही. पण त्याआधी वजन वाढलं पाहिजे. त्यासाठी अशा बाळांची एक वेगळी बाटली मिळते. मऊ, हातानं दाबता येणारी. तिच्या बुचाच्या आत नखाएवढा एक पातळ पडदा असतो. बाटली हलकेच दाबली की दूध पुढं सरकतं आणि पडद्यामुळं मागं येत नाही. बाळानं नुसती जीभ हलवली तरी पोटात जातं. दवाखान्यात ठेवलेल्या बाटल्या संपल्या होत्या. "ऑनलाइन मागवा," डॉक्टर म्हणाले.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते, नाशिकला, गंगापूर रोडच्या पुढं. आईवडिलांचं घर तिथं आहे आणि घराच्या मागं त्यांचा गुलाबाचा मळा. माझे मिस्टर कळवणला. त्यांचं तिथं बी-बियाणं आणि शेतीच्या औषधांचं दुकान आहे. दवाखान्यातून मी फोन केला आणि त्यांनी दुकानात बसल्या बसल्या बाटली मागवून टाकली. अर्थातच स्वतःच्या नंबरवरून, स्वतःच्या पत्त्यावर. कळवणला बाटली आली की मोटरसायकलवरून इकडं आणायची, असा आमचा साधा हिशोब. त्यात काही चुकतंय असं आम्हा कुणाच्याच मनात आलं नाही. लेक माहेरी बाळंत होते आणि लागेल ते सामान जावई आणतो, हे आमच्याकडं इतकं धरून चाललेलं असतं की त्यात विचार करण्यासारखं काय आहे?

बाटली आली आणि चमत्कार झाला. आईनं उकळून दिली, मी दूध काढून भरलं, मुलीच्या तोंडाला लावून हलकेच दाबली आणि घटाघट आवाज यायला लागला. तोपर्यंत माझ्या मुलीनं दूध गिळल्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता. बाटली रिकामी झाली, तिनं खांद्यावर भलीमोठी ढेकर दिली आणि आई आणि मी एकमेकींकडं बघून रडायला लागलो. वडील दारातून डोकावले आणि काही अशुभ घडलं की काय म्हणून घाबरले.

आमच्या घरात तोपर्यंत बाटली म्हणजे एक तर खोकल्याच्या औषधाची, नाहीतर वडिलांच्या गाडीतलं पेट्रोल वाटेत संपलं की ते आणायची. बाटलीनं दूध पिणारं पहिलं लेकरू माझंच. बाळ बघायला येणाऱ्या बायकांनाही ते नवल वाटायचं. झबलं-टोपडं आईच्या हातात ठेवायच्या आणि त्यांची नजर तडक त्या बाटलीवर जायची. "अगं बाई, अंगावर नाय पाजत का?" "ही कसली म्हणायची बाटली?" "आणि पिती बी कशी बघ, माझा नातू तर एवढा झाला तरी एवढं पीत नाय." या शेवटच्या बाईवर आई मनातून फार चिडली. टाळूचं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. तिला चहा पाजून वाटेला लावलं आणि दार लावल्या लावल्या आई म्हणाली, "पोरीला तर मी रोज तीट लावते. पण तिची नजर पोरीवर नव्हतीच. बाटलीवर होती."

आणि तिनं बाटलीच्या बुडाला काजळाची तीट लावली.

आईचं काजळ घरचं. तुपाचा दिवा लावायचा, वर काशाची वाटी पालथी धरायची, जमलेली काजळी तुपात कालवायची आणि पितळी डबीत भरून ठेवायची. बाजारातल्या काजळाला ती रंग म्हणते. तेव्हा मी तिला चिडवलं सुद्धा. म्हटलं, आता दूध काढायच्या पंपालाही लाव, मिक्सरलाही लाव. ती म्हणाली, "लावीन. तुझं काय जातंय?" बाटली रोज उकळायची, पण ते तुपातलं काजळ त्या मऊ रबरासारख्या बाटलीत मुरलं ते मुरलंच. आधी काळं होतं, मग कडेनं तपकिरी झालं. मला त्या डागाची इतकी सवय झाली की तो दिसेनासा झाला.

आणि मग तो आतला पडदा खराब झाला. कसा ते मला आजही सांगता येणार नाही. त्याची एक कड वर वळली होती, एवढंच. पण तेवढ्यानं घात झाला. एके दुपारी मी नेहमीसारखी बाटली दाबली आणि दूध थेंबाथेंबानं जायच्या ऐवजी भसकन गेलं. मुलीच्या नाकातून दूध आलं. तिचा श्वास अडकला, चेहरा काळानिळा पडला. आईनं तिला उपडं करून पाठीवर थोपटलं, वडील चपला न घालता रिक्षा बघायला रस्त्यावर धावले. रिक्षा यायच्या आत ती रडली. आयुष्यात कुणाच्या रडण्यानं मला एवढा आनंद झालेला नाही.

डॉक्टरांनी पडदा उजेडात धरून बघितला. "माल सदोष आहे," म्हणाले. "कंपनीला कळवा, बदलून देतील. तोवर ही बाटली अजिबात वापरू नका. वाटी-चमच्यानं पाजा, बाळाला उभं धरून, एकेक चमचा." मग मुलीचं वजन केलं, कागदावर लिहिलं आणि म्हणाले, "पुढच्या भेटीला हे वाढलेलं नसेल तर ॲडमिट करून नाकातून पोटात नळी घालावी लागेल. मला ते करायचं नाहीये. तुम्हालाही नकोय. वजन वाढवा."

वजन वाढवा. जसं काही मी वाढू देत नव्हते.

नवीन बाटली मागवायला गेलो तर 'सध्या उपलब्ध नाही'. तो पडदा सुटा विकतच नाहीत. वडील कॉलेज रोडची, मेन रोडची सगळी मेडिकल पालथी घालून आले. जिथं जातील तिथं त्यांना अस्वलाची, सशाची चित्रं असलेल्या साध्या बाटल्या दाखवत. आईनं कुठून तरी चांदीचं बोंडलं मागून आणलं. त्याची चोच तोंडाला लावली की मुलगी ठसकायची, म्हणून ते ठेवून दिलं. राहिला वाटी-चमचा. एका वेळचं दूध पाजायला इतका वेळ लागायचा की पुढची वेळ येऊन ठेपायची. निम्मं दूध हनुवटीवरून लाळेऱ्यात जायचं. ती थकून मान टाकायची आणि वाटीत दूध तसंच राहायचं. ते काढताना मला काय कळा लागायच्या ते माझं मला माहीत, आणि ते मोरीत ओतायचं.

म्हणून सगळी आशा त्या कंपनीच्या फोनवर.

मी फोन लावला. पलीकडून गोड आवाज आला, "कृपया रजिस्टर्ड मोबाईल नंबर से कॉल करें." रजिस्टर्ड नंबर कळवणच्या दुकानात. मी म्हटलं, बाई, बाटली माझ्याकडं आहे, बाळ माझ्याकडं आहे, दूध माझं आहे. ती म्हणाली, "मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ, मॅम." आणि पुन्हा तेच वाक्य. नंबर बदलायचा तर जुन्या नंबरावर ओटीपी जाणार, मग पडताळणी होणार, मग 'कुछ वर्किंग डेज'.

मग मिस्टरांनी कळवणहून कंपनीला फोन केला. त्यांना विचारलं, दूध कुठून गळतं? ते म्हणाले, थांबा, मिसेसला विचारतो. मला कॉन्फरन्सवर घेतलं. मी पडद्याचं सांगायला लागले तेवढ्यात तिकडं दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मोठ्यानं म्हणालं, "शेठ, कांद्यावर लय करपा पडलाय, काहीतरी जोरदार द्या!" कंपनीतली मुलगी म्हणाली, "सर, क्या जल गया?" एरवी मी हसून लोटपोट झाले असते. तेव्हा मी मिस्टरांवर ओरडले आणि त्यांनी गिऱ्हाइकासमोर मुकाट्यानं ऐकून घेतलं. बिचारे. त्यांचा काय दोष होता? कंपनीवर ओरडायची सोय नव्हती, म्हणून जो जवळचा तो सापडला.

प्रत्येक वेळी नवा माणूस. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि रामायण संपल्यावर त्यानं विचारायचं, मॅम, आपकी समस्या क्या है? बाटली परत न्यायला माणूस येईल, पण कळवणलाच. का, तर पत्ता तो आहे. मी म्हटलं, काही परत नको, पैसेही नकोत, तो नखाएवढा पडदा तेवढा पाकिटात घालून पाठवा. तसं पाठवत नाहीत म्हणे. शेवटी कुणीतरी सांगितलं की बाटलीचे फोटो पाठवा, समोरून, आतून आणि बुडाकडून. ते बघून निर्णय होईल.

फोटो आम्ही मनापासून काढले. आईनं हात धुऊन, पुसून, खिडकीच्या उजेडात बाटली धरली. "अशी धरू का? जरा तिरकी?" तिलाही काहीतरी करायला मिळालं होतं. बुडाचा फोटो काढताना बाटली नीट दिसावी म्हणून तिनं पदरानं पुसली. फोटो मी मिस्टरांना पाठवले, त्यांनी कंपनीला. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं. पडद्याची वळलेली कड फोटोत इतकी स्वच्छ दिसत होती की आंधळ्यालाही कळावी.

उत्तर आलं तेव्हा मी मुलीला मांडीवर उभं धरून चमचा भरत होते. मिस्टरांनी ते इंग्रजी पत्र तसंच पुढं पाठवलं होतं, खाली एक शब्दही न लिहिता. तक्रार नामंजूर. बाटलीच्या तळाला जळाल्याची खूण आढळली. वापरणाऱ्यानं चुकीच्या पद्धतीनं तापवल्यामुळं झालेलं नुकसान बदलून मिळत नाही. आपल्या समजूतदारपणाबद्दल आभार.

मी ते दोनदा वाचलं. जळाल्याची खूण? मग बाटली उलटी केली.

आई समोरच बसली होती. "काय म्हणतेत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अजून बघताहेत.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी मिस्टर नाशिकला आले आणि मी त्यांचा फोनच हातात घेतला. पलीकडच्या मुलीनं बाईचा आवाज ऐकून 'सर को दीजिए' म्हटलं. सरांनी फोन घेतला, बायकोला बोलायची परवानगी दिली आणि फोन पुन्हा माझ्याकडं आला. माझ्या लेकीच्या दुधाबद्दल मला बोलता यावं म्हणून एवढा सोपस्कार. मी स्पीकर लावून जे सुरू केलं ते थांबलेच नाही. हिंदी संपली तशी मराठीत घुसले. तो डाग जळाल्याचा नाही, तीट आहे, आमच्याकडं लावतात, नजर लागू नये म्हणून, तुमच्या भाषेत काय म्हणतात मला माहीत नाही.

 मग ती मुलगी आवाज खाली आणून मराठीत म्हणाली, "मॅडम, मला कळलंय. मी फोटो बघितला तेव्हाच कळलं होतं."

मी म्हटलं, "मग लिहा ना तसं!"

"काय लिहू मॅडम? इथं कारणांची यादी उघडते. तुटलं, गळतं, जळालं, चुकीची वस्तू आली. यातलंच एक निवडावं लागतं. तीट नाहीये त्यात."

"अहो मग गळतं निवडा. गळतंच आहे ते!"

"फोटो तपासणारे वेगळे असतात. त्यांनी जळालं निवडून तक्रार बंद केलीय. मला ती उघडता येत नाही. मी वर पाठवते, पण खोटं कशाला सांगू, बंद झालेली सहसा उघडत नाहीत." मग म्हणाली, "माझ्या भाचीलाही आम्ही लावतो. बाळ कसं आहे आता?"

मी म्हटलं, भुकेलेलं आहे.

 मग एकदम तिचा आवाज पहिल्यासारखा झाला, कुणी तिच्या मागं येऊन उभं राहिलं असावं. "और कुछ सहायता कर सकती हूँ, मॅम?"

तिचा मला राग आला नाही, हेच मला जड गेलं. भांडायला निदान एक माणूस तरी हवं की नाही? सगळ्यांना सगळं कळत होतं. डॉक्टरांना कळत होतं, मिस्टरांना कळत होतं, त्या मुलीला कळत होतं, आणि पडदा काही येत नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

फोन ठेवल्यावर बघते तर आई जागेवर नव्हती. मोरीत बसून बाटलीचं बूड घासत होती. बेसन लावून झालं होतं, लिंबू लावून झालं होतं, आता राख घेतली होती. मी म्हटलं, आई, राहू दे, आता काही उपयोग नाही. ती मान वर न करता म्हणाली, "तिकडनं नाय म्हणले ते माझ्यामुळं ना?"

"नाही गं. तसं नाही."

"मला इंग्लिश येत नाय, पण कान हायेत मला," ती म्हणाली. "मी पोरीच्या भल्यासाठी केलं आणि पोरीच्याच तोंडचं दूध गेलं."

मी तिच्याजवळ बसले, कितीतरी बोलले. कंपनी नालायक आहे, पडदा आधीच खराब होता, तीट नसती तर त्यांनी दुसरं काही काढलं असतं. सगळं खरंच होतं. ती हं हं म्हणत राहिली आणि घासत राहिली. डाग होता तिथंच होता. मिस्टर दारात उभे होते. त्यांना आत यावं की बाहेर जावं हे कळत नव्हतं.

त्यानंतर आईनं चमचा माझ्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. मुलीला उभी धरून तासन् तास बसायची. एकेक चमचा, मधे थांबून, पाठीवरून हात फिरवून. "घे गं माझी चिमणी, एवढा घे, आजीचा घे." मळ्यातली फुलं तोडायला वडील एकटेच जायचे. तिनं कधी तक्रार केली नाही, पण ती पूर्वीसारखी बोलायचीही नाही. बायका बाळ बघायला आल्या तर बाळ झोपलंय म्हणून दारातूनच परत पाठवायची.

भेटीचा दिवस आला. काट्यावर ठेवण्याआधी नर्सनं मुलीचे सगळे कपडे काढले. मी काट्याकडं बघितलंच नाही. डॉक्टरांचा चेहरा बघत राहिले. ते चष्मा काढून म्हणाले, "थोडं उतरलंय. तुम्ही प्रयत्न केलेत, दिसतंय मला. पण आता थांबायला नको."

नळी घालताना आम्हाला बाहेर उभं केलं. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मी भिंतीला टेकून उभी होते, बाकी मला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. आई मुलीचं झबलं छातीशी धरून उभी होती. मिस्टर निघाले होते, वाटेत होते.

आत बोलावलं तेव्हा ती निपचित पडली होती. नाकातून नळी आली होती आणि गालावर चिकटपट्टी लावून ती बसवली होती. नेमकी त्या गालावर, जिथं आई रोज तीट लावायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज तिच्या कपाळालाही काही नाही. घरातून निघताना आईनं काही लावलंच नव्हतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर भाजी घ्यायला नेतानाही जी बाई मुलीला तीट लावल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही, तिनं तिला बोडक्या कपाळानं दवाखान्यात आणलं होतं.

"आई, तीट?"

"नको बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "इथं सगळी शिकलेली माणसं हायेत. अजून काही कमी-जास्त झालं आणि पुन्हा कुणी काही लिहिलं म्हणजे?"

मला वाटलं, तीट हा शब्द ज्यांच्या यादीत नाही त्यांनी माझ्या आईला हे शिकवलं. मी तिच्या पिशवीत हात घातला. पितळी डबी होतीच. रुमालात गुंडाळून, अगदी तळाशी. लावायची नव्हती तरी आणल्याशिवाय राहवलं नव्हतं तिला. मी झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि मुलीचा पाय हातात घेतला. तिचा तळवा माझ्या अंगठ्यापेक्षा थोडाच मोठा होता. त्यावर मी मोठी, काळीभोर तीट लावली.

मुलीनं पाय आखडून घेतला. आईनं पटकन दुपट्याचं टोक ओढून तो झाकला आणि दाराकडं बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना.